‘स्टडीत सिद्ध झालंय’ म्हणे! आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि बाकी पर्यायी उपचारांचे दावे तपासायचे कसे, कोणत्या क्रमाने

ग्रुपवर कोणीतरी एखाद्या काढ्याचा किंवा कॅप्सूलचा फॉरवर्ड टाकतं, दुसरा विचारतो पुरावा काय, तिसरा गुगल करून पहिली लिंक चिकटवतो ज्यात कुठेतरी ‘रिसर्च’ असं लिहिलेलं असतं, आणि झालं, पुरावा मिळाला. समोरची पार्टी तितक्याच घाईने ‘सगळं थोतांड’ म्हणून मोकळी. दोघांचीही गोची एकच, दावा नेमका काय आहे हे लिहून काढायच्या आधीच सर्च सुरू. म्हणून खालचा क्रम पाळा, मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नका, कारण नंतरच्या पायऱ्यांना आधीच्यांची उत्तरं लागतात.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरतो, गुडघेदुखीसाठीची सालई (शल्लकी), गुळवेल, सुंठ, आवळा वगैरे असलेली कॅप्सूल. अशी डबी आता दर दुसऱ्या घरात दिसते, आणि यावर पुण्याच्या डॉक्टरांनी केलेली चांगली ट्रायल (म्हणजे पेशंटवर घेतलेली चाचणी) उपलब्ध आहे. बाकी उपचार जिथे लागतील तिथे येतील.

सुरुवात करायच्या आधी हाताशी काय हवं

डबी किंवा बाटली प्रत्यक्ष हातात हवी, ऑनलाइन जाहिरातीतला फोटो चालत नाही कारण खरा मजकूर मागच्या बारीक अक्षरात असतो. पेशंटच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (बीपीची, शुगरची, रक्त पातळ करणारी, सगळी), शेवटचे ब्लड रिपोर्ट, एक कोरा कागद. आणि वनस्पतीचं लॅटिन नाव. हे बहुतेक लेबलवरच असतं, सालईचं बॉसवेलिया सेराटा, गुळवेलीचं टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. गुळवेल, गिलोय, गुडूची, अमृता ही सगळी एकाच वेलीची नावं, त्यामुळे मराठी नावाने शोधलंत तर निम्मं सापडणारच नाही. इंग्रजी जड जात असेल तर भाषांतराचं अ‍ॅप वापरा, फक्त आकडे मात्र मूळ पानावरूनच उतरवून घ्या.

1. दावा एका वाक्यात लिहा

‘गुडघेदुखीवर गुणकारी’ हा दावा नाही, ती जाहिरात आहे. कागदावर सहा जागा सोडा: कोणाला, नेमकं काय, किती डोस आणि किती दिवस, कशाच्या तुलनेत, काय मोजून, आणि किती फरक. मग भरा. आपल्या उदाहरणात ते असं होईल: एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज दिसलेल्या साठीच्या माणसाने ही कॅप्सूल दिवसातून दोनदा तीन महिने घेतली, तर तशाच दिसणाऱ्या पण आत औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा त्याचं चालतानाचं दुखणं 10 पैकी निदान 2 मार्कांनी जास्त कमी होतं.

लांबलचक वाक्य आहे, माहितीये. पण हे लिहिल्यावर कळतं की पाठीच्या दुखण्यावरचा स्टडी इथे कामाचा नाही, खेळाडूंवरचा नाही, आणि उंदरांवरचा तर नाहीच नाही.

काही दावे या सहा जागांत बसतच नाहीत. ‘इम्युनिटी वाढते’, ‘शरीर डिटॉक्स होतं’, ‘रक्त शुद्ध होतं’, ‘आजार मुळापासून जातो’. विकणाऱ्याला विचारा की इम्युनिटी वाढली हे कशावरून कळणार, कुठली टेस्ट, किती दिवसांनी, आधी किती होती? उत्तर मिळालं नाही तर तपासायला काही उरलंच नाही, इथेच थांबा, पुढचा वेळ वाचला.

चेक: तुमचं वाक्य वाचून घरातल्या दुसऱ्या माणसाला ‘हे खोटं कधी ठरेल’ ते सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर वाक्य परत लिहा.

2. उशीर झाला तर किती महागात पडेल ते ठरवा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात, खरं तर इथेच निम्मे निर्णय होतात. सर्दी, साधी गुडघेदुखी, अपचन यात महिनाभर काही करून बघितलं तर फार बिघडत नाही. कॅन्सर, टीबी, फिट्स, लहान मुलाचा इन्सुलिनवरचा डायबेटिस, हृदयाचा त्रास, सर्पदंश, यात ‘आधी हे करून बघू’ हा प्रश्नच चुकीचा. तिथे चालू उपचार न थांबवता ‘सोबत हे घेतलं तर चालेल का’ एवढंच विचारायचं, आणि तेही त्याच डॉक्टरांना.

अमेरिकेतल्या कॅन्सरच्या नोंदींवरून 2018 मध्ये एक विश्लेषण छापून आलं, त्यात बरा होऊ शकणारा कॅन्सर असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेले 281 पेशंट होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या तशाच पेशंटशी तुलना केली तर त्यांच्या मृत्यूचा धोका साधारण अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीच्याही वर. यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, नुसत्या नोंदी होत्या, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे धरा, पण दिशा स्पष्ट आहे.

सावधान: ‘अमुक गोळी बंद करा, मगच आमचं औषध लागू पडेल’ असं कोणी म्हटलं तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. उठा आणि घरी या.

3. हा आजार आपणहून कमी होतो का ते आधी बघा

काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्या. प्रत्येक तालुक्यात एक तरी माणूस असतोच जो काविळीचं औषध देतो आणि त्याच्याकडे बरे झालेल्यांची रांग असते, आणि ते लोक खोटं बोलत नसतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए आणि बहुतेक वेळा ई, बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्यामुळे त्या काळात जे काही दिलं, मुळी, पाला, मंतरलेलं पाणी, त्या सगळ्याला यश मिळतं. वर डोळ्यांना पटेल असा देखावाही असतो, हातावर आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळं होतं आणि ‘बघा कावीळ उतरली’. ज्याला कावीळ नाही त्याचे हात तसेच धुवा, पाणी पिवळंच होईल.

आता यातला धोका असा की पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकल्यामुळे झालेली कावीळ, औषधाने लिव्हरला इजा होऊन झालेली कावीळ, गरोदरपणातली हेपॅटायटिस ई, हे सगळं बाहेरून तसंच पिवळं दिसतं. त्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाला कोणती आहे हे बघून कळत नाही.

गुडघ्याचंही असंच आहे पण जरा वेगळ्या तऱ्हेने. झिजेचं दुखणं एकसारखं नसतं, काही आठवडे चढतं, काही आठवडे उतरतं, आणि माणूस नवीन औषध कधी सुरू करतो? जेव्हा सगळ्यात जास्त दुखत असतं तेव्हा. तिथून ते खाली येणारच होतं. म्हणून ‘मला पंधरा दिवसांत फरक पडला’ हे खरं असूनही औषधाबद्दल काहीच सांगत नाही.

कागदावर लिहा: काहीच केलं नाही तर या आजाराचं साधारण काय होतं? उत्तर माहीत नसेल तर डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा. ते सांगतात, उलट बहुतेकांना हा प्रश्न आवडतो.

4. आता सर्च करा

‘सालईचे फायदे’ असं टाइप केलंत तर गुगल तुम्हाला फायदेच देणार, तुम्ही मागितलेत ना! त्याऐवजी लॅटिन नाव, आजाराचं इंग्रजी नाव आणि ‘रँडमाइज्ड’ (म्हणजे चिठ्ठीने गट पाडलेला) हा शब्द, असं तिन्ही मिळून इंग्रजीत टाका. मग दुसरा सर्च: तेच लॅटिन नाव आणि पुढे ‘लिव्हर इंज्युरी’ किंवा ‘अ‍ॅडव्हर्स’. दोन्ही सर्च करायचे, एकच केला तर अर्धं चित्र.

कुठे करायचे? पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची साइट, अमेरिकन सरकारची आहे, फुकट आहे, डावीकडे फिल्टर असतात त्यात ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ (सगळे स्टडी एकत्र तपासलेला आढावा) आणि ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ वर टिक करा. कोक्रेन या संस्थेचे असेच रिव्ह्यू, ते साध्या भाषेतला सारांश फुकट देतात. भारतातल्या ट्रायलसाठी सीटीआरआय, म्हणजे आयसीएमआरचं क्लिनिकल ट्रायल रजिस्टर, 2007 पासून आहे, त्याचं काम आठव्या पायरीत पडेल. आणि लिव्हरसाठी लिव्हरटॉक्स, म्हणजे कुठल्या औषधाने लिव्हरला इजा होते ते सांगणारी साइट, त्यात अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या आहेत तशा अश्वगंधा, हळद यांचीही पानं आहेत.

आधी रिव्ह्यू वाचा, मग सुटे स्टडी. उलटं केलंत तर जो पहिला सुटा स्टडी दिसेल त्याच्याच प्रेमात पडाल. आपल्या उदाहरणात कोक्रेनचा 2014 चा रिव्ह्यू आहे, गुडघ्याच्या आणि बाकी सांध्यांच्या झिजेवर पोटातून घेण्याच्या वनस्पतींचा, 49 ट्रायल आणि सहा हजाराच्या आसपास पेशंट. सालईच्या अर्काबद्दल त्यांचं म्हणणं असं की दुखणं आणि हालचाल दोन्हीत थोडी सुधारणा दिसते. ‘थोडी’ वर बोट ठेवा, पण ‘सुधारणा’ वरपण ठेवा. सगळं थोतांड म्हणणाऱ्यांनी विशेषतः.

कॉमन चूक: कंपनीच्या वेबसाइटवरची ‘संदर्भ सूची’ बघून खूश होणं. एकेक संदर्भ उघडा, निम्म्यांत त्या कंपनीच्या औषधाचा उल्लेखही नसतो, एखाद्या घटकावर कुठेतरी काहीतरी झालेलं असतं इतकंच.

5. कशावर प्रयोग झाला ते बघा

ही पायरी दोन मिनिटांची आहे. काचेच्या डिशमधल्या पेशी, उंदीर, की माणसं? डिश किंवा उंदीर असेल तर बाजूला ठेवा. डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी ब्लीचनेही मरतात.

हळदीतलं कर्क्युमिन हे याचं उत्तम उदाहरण, डिशमध्ये ते जवळपास प्रत्येक आजारावर चालतं. 2017 मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये शास्त्रज्ञांनी या सगळ्याचा आढावा घेतला आणि सांगितलं की हे रसायन शरीरात टिकत नाही, रक्तात फारसं पोचत नाही आणि डिशमधल्या टेस्टना स्वतःच फसवतं. शिवाय स्वयंपाकाच्या हळदीत ते असतं साधारण तीन टक्के. त्यामुळे ‘कर्क्युमिनवर हजारो रिसर्च पेपर आहेत’ हे वाक्य खरं आहे आणि त्यातून हळदीच्या दुधाबद्दल काहीच कळत नाही.

6. तुलना कोणाशी केली? (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

‘100 पेशंटना दिलं, 78 जणांना आराम’ टाइपचा स्टडी तिसऱ्या पायरीवरच मेला, कारण न देता किती जणांना आराम पडला असता ते माहीत नाही. तुलनेचा गट हवा, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठीने ठरलेलं हवं, म्हणजे बरे होण्यासारखे पेशंट एकाच बाजूला ढकलले जात नाहीत. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नको आणि मार्क देणाऱ्यालाही नको.

एवढं असूनसुद्धा फसगत होते, ती कशी ते नीट बघा.

जर्मनीत 2007 मध्ये जुन्या कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरची मोठी ट्रायल झाली, 1162 पेशंट, तीन गट. अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना फरक पडला, नेहमीचे उपचार म्हणजे औषधं, फिजिओ वगैरे घेतलेल्यांपैकी 27.4 टक्के. बातमीला एवढं पुरे, अ‍ॅक्युपंक्चर जवळपास दुप्पट भारी! पण तिसरा गट होता, ज्यांना मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचल्या. त्यांच्यात 44.2 टक्के. म्हणजे सुई कुठे टोचली याने जवळपास काहीच फरक पडला नाही. सुया टोचून घेणं, कोणीतरी वेळ देणं, काहीतरी नवीन होतंय ही आशा, यांनी पडला. आता यावरून अ‍ॅक्युपंक्चर घ्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, पण ‘विशिष्ट बिंदूंवर ऊर्जा मोकळी होते’ हा दावा या आकड्यांत टिकत नाही. पहिल्या पायरीत दावा लिहिलेला असला की असं वेगळं करता येतं.

आता आपली कॅप्सूल. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकारी यांची ट्रायल 2013 मध्ये छापून आली. गुडघ्याच्या झिजेचे 440 पेशंट, चिठ्ठीने चार गट, 24 आठवडे, डबल ब्लाइंड (म्हणजे काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही, मार्क देणाऱ्यालाही नाही). दोन गटांना आयुर्वेदिक फॉर्म्युले (गुळवेल, सुंठ, आवळा, सालई यांचे अर्क), एका गटाला ग्लुकोसामिन, एकाला सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. निष्कर्ष असा की आयुर्वेदिक फॉर्म्युले दोन्हींच्या बरोबरीचे निघाले. काम मेहनतीचं आहे, आयुर्वेदाच्या नावाने जे चार-पाच आठवड्यांचे, वीस पेशंटचे स्टडी फिरतात त्यांच्या शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

पण गट मोजा परत. रिकाम्या कॅप्सूलचा गट नाही! मग ‘बरोबरीचे’ म्हणजे नक्की किती? त्यासाठी दुसरी ट्रायल बघावी लागते, अमेरिकेतली 2006 ची, 1583 पेशंट, तीही 24 आठवड्यांची. तिथे दुखणं 20 टक्क्यांनी तरी कमी झालेले लोक मोजले. सेलेकॉक्सिबवर 70.1 टक्के, ग्लुकोसामिनवर 64 टक्के, आणि काहीच औषध नसलेल्या गोळीवर 60.1 टक्के. साठ टक्के! ग्लुकोसामिन आणि रिकामी गोळी यातला फरक तर इतका कमी की तो नशिबाचाही असू शकतो. म्हणजे गुडघेदुखीत ग्लुकोसामिनच्या बरोबरीला येणं ही फार उंच उडी नाही, सेलेकॉक्सिबच्या बरोबरीला येणं जरा जास्त अर्थपूर्ण, पण तिथेही रिकाम्या गोळीपेक्षा दहाच टक्के वर. (दोन ट्रायलमधलं ग्लुकोसामिन वेगवेगळ्या क्षाराचं होतं, सल्फेट आणि हायड्रोक्लोराइड, त्यामुळे ही जोडणी अगदी काटेकोर नाही. तरी साठचा आकडा डोक्यात ठेवा.)

चेक: कागदावर प्रत्येक स्टडीपुढे एकच शब्द लिहा, तुलना ‘कशाशी’. रिकामी जागा राहिली तर तो स्टडी खोडा.

7. काय मोजलं, किती जणांत, किती गळाले

‘बरं वाटलं’ आणि ‘बरा झाला’ यात किती अंतर असू शकतं त्याचा एक प्रयोग दम्यावर झालाय, 2011 मध्ये छापून आला. पेशंटना आलटून पालटून खरा इनहेलर, नकली इनहेलर, नकली अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही असं दिलं. ‘किती बरं वाटतंय’ विचारल्यावर खरा इनहेलर 50 टक्के, नकली 45, नकली सुया 46, काहीच नाही 21. म्हणजे नकलीसुद्धा जवळपास तितकंच छान वाटलं. पण फुंकर मारायच्या मशीनवर मोजलं तेव्हा खऱ्या इनहेलरने श्वासाची क्षमता 20 टक्क्यांनी वाढली आणि बाकी तिन्हींत सातच्या आसपास. दम्याचा पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणून इनहेलर सोडून बसला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

तर दुखणं, झोप, थकवा, मूड यात पेशंट सांगेल तेच माप, तिथे नकली उपचाराचा गट नसेल तर स्टडी निरुपयोगी. शुगर, बीपी, दमा, थायरॉइड यात मशीनचं माप मागायचं.

फरक किती हेही बघा. ‘लक्षणीय फरक’ हा संख्याशास्त्राचा शब्द आहे, त्याचा अर्थ फरक नशिबाने आला असण्याची शक्यता कमी, एवढाच, मोठा फरक असा नाही. दुखण्यात 10 पैकी अर्ध्या मार्काचा फरकही पेशंट भरपूर असले की ‘लक्षणीय’ होतो, आणि जिना चढताना कोणाला कळतही नाही.

गळालेल्यांची चौकशी करा. 60 जणांनी सुरू केलं, 41 जणांचे आकडे छापले, उरलेले 19 कुठे गेले? ज्यांना त्रास झाला किंवा काही उपयोग झाला नाही तेच सोडून जातात.

8. रजिस्ट्रेशन आणि पैसा

सीटीआरआयवर ट्रायलचं पान उघडा. दोन तारखा बघा, रजिस्ट्रेशनची आणि पहिला पेशंट घेतल्याची. रजिस्ट्रेशन आधी हवं. तिथे ‘प्रायमरी आउटकम’ म्हणजे मुख्य काय मोजणार ते आधीच लिहिलेलं असतं, आणि छापलेल्या पेपरमध्ये तेच मुख्य आहे का ते ताडून बघा. सुरुवातीला चालतानाचं दुखणं मोजणार होते आणि पेपरमध्ये एकदम ‘सकाळचा ताठरपणा कमी झाला’ असं वर आलं असेल, तर वीस गोष्टी मोजून जी जमली ती छापली असं समजा.

पैसा कंपनीचा आहे म्हणून स्टडी लगेच खोटा होत नाही, अ‍ॅलोपॅथीच्या ट्रायलचाही पैसा बहुतेक कंपन्यांचाच असतो. पण सगळेच्या सगळे स्टडी एकाच कंपनीच्या लोकांनी केलेले असतील आणि बाहेरच्या कोणीच पडताळले नसतील तर अजून थांबा.

सावधान, सर्टिफिकेट म्हणजे पुरावा नाही. जीएमपी म्हणजे कारखाना नीट आहे. आयुष लायसन्स म्हणजे विकायची परवानगी, आणि जुन्या ग्रंथातल्या फॉर्म्युल्यासाठी परिणामाचा पुरावा म्हणून ग्रंथातला उल्लेख कायद्याने पुरतो, ट्रायल लागत नाही. एफएसएसएआय नंबर असेल तर ते कायद्याने औषधच नाही, खाद्यपदार्थ आहे. 2021 च्या फेब्रुवारीत पतंजलीच्या कोरोनिलच्या वेळी ‘डब्ल्यूएचओ सर्टिफाइड’ अशी बातमी पसरली, आणि डब्ल्यूएचओला स्वतः सांगावं लागलं की कोविडच्या कुठल्याच पारंपरिक औषधाचा परिणाम आम्ही तपासलेला किंवा प्रमाणित केलेला नाही.

9. डबीत तेच आहे का?

इथपर्यंत आलात म्हणजे ट्रायल चांगली आहे. आता लेबल फिरवा. ट्रायलमध्ये अर्क वापरला होता, तुमच्या डबीवर ‘चूर्ण’ लिहिलंय की ‘घन’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्ट’? चूर्ण म्हणजे वाळवून दळलेलं, घन म्हणजे काढा आटवून केलेला, मिलिग्रॅम सारखेच असले तरी माल वेगळा. सालईत ‘बॉसवेलिक अ‍ॅसिड इतके टक्के’ असं लिहिलंय का? नसेल तर किती आहे देव जाणे. अकरा वनस्पती आणि प्रत्येक 20 मिलिग्रॅम अशी यादी दिसली तर ती नावं सजावटीला आहेत, ट्रायलच्या डोसच्या जवळपासही पोचणार नाहीत.

भस्म किंवा रस (इथे रस म्हणजे ज्यूस नव्हे, पारा आणि धातू वापरून केलेलं औषध) असलेली औषधं वेगळी काढा. अमेरिकेत 2008 मध्ये इंटरनेटवरून घेतलेली 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, साधारण 21 टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि रसौषधींत प्रमाण जास्त. तिथल्या आणि भारतातल्या उत्पादकांत फारसा फरकही नव्हता.

होमिओपॅथीत लेबलवरचा आकडा बघा. 30 लिहिलं असेल तर मूळ द्रव्य 100 पटीने 30 वेळा पातळ केलेलं असतं, म्हणजे एकावर 60 शून्यं. बाराव्या वेळेच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणू उरायचीही शक्यता कमी होत जाते. 2020 मध्ये कोविडसाठी सोसायट्यांमधून वाटलेल्या आर्सेनिक अल्बम 30 च्या गोळ्यांत त्यामुळे आर्सेनिकची भीती नव्हती, आणि दुसरं काही असायचंही कारण नव्हतं. (मदर टिंक्चर आणि कमी आकड्याच्या औषधांत मात्र द्रव्य खरंच असतं, ती ‘निरुपद्रवी’ धरू नका.) ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी नाही.

10. नुकसान शोधा, मुद्दाम

‘नॅचरल आहे, साईड इफेक्ट नाही’ हे वाक्य ऐकलं की चौथ्या पायरीतला दुसरा सर्च काढा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता, आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या 6 पेशंटची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, मग पुढच्या वर्षी देशातल्या 13 सेंटरमधून 43 पेशंटची नोंद आली. कोट्यवधी लोकांनी घेतली त्यात हे थोडे आहेत, मान्य, पण ज्यांना थायरॉइड, सोरायसिस किंवा आमवातासारखा (ऱ्हुमॅटॉइड, गुडघ्याची झीज नव्हे) ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, आहे त्यांनी हे वाचून तरी काढा थांबवावा.

आणि आपल्या पुण्याच्या ट्रायलकडे परत या. सारांशाचा शेवट वाचा, जो कोणी फॉरवर्ड करत नाही: आयुर्वेदिक गटांतल्या सात पेशंटचं एसजीपीटी (लिव्हरला इजा दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं, त्यांना काही त्रास जाणवत नव्हता, औषध बंद केल्यावर ते नॉर्मल झालं, आणि लेखकांनी स्वतःच लिहिलं की सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा. प्रामाणिक संशोधन असं दिसतं. त्याच कॅप्सूलसारख्या कॅप्सूलच्या जाहिरातीत मात्र ‘100% सेफ’.

चालू गोळ्यांची यादी आता काढा. वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर हळदीच्या, लसणाच्या, आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शुगरच्या गोळ्यांसोबत कारलं-जांभूळ-मेथीच्या गोळ्या घेऊन शुगर एकदम खाली जाऊ शकते. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, ‘ते काय औषध थोडीच आहे’ म्हणून गाळू नका.

11. तरीही घ्यायचं ठरलं तर

दुखणं गुडघ्याचं आहे, ट्रायल बरी आहे, लेबल जुळतंय, यादीत आडवं येणारं काही नाही. मग घ्या, पण असं:

सुरू करायच्या आधी दोन आठवडे रोज रात्री चालतानाच्या दुखण्याला 10 पैकी मार्क लिहा. आधी लिहा, सुरू केल्यावर नव्हे, नाहीतर तुलना कशाशी करणार. एसजीपीटी आधी एकदा करून घ्या. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. कॅप्सूल, तेल, नी-कॅप आणि फिजिओ एकाच सोमवारी सुरू केलं तर श्रेय कॅप्सूल घेऊन जाणार, आणि गुडघ्याच्या झिजेत व्यायाम आणि वजन कमी करणं याला कॅप्सूलपेक्षा जास्त पक्का पुरावा आहे. थांबायची तारीख आधीच ठरवा, तीन महिने. तेव्हा वही उघडून ठरवलेले 2 मार्क कमी झालेत का बघा, नसतील तर बंद. चार ते सहा आठवड्यांनी एसजीपीटी परत.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक एकदम गेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जा, नुसतं नाव सांगू नका. त्रास झाला तर कळवता येतं, पेशंट स्वतःही कळवू शकतो, औषधांच्या दुष्परिणामांसाठीची सरकारी हेल्पलाइन 1800-180-3024, टोल फ्री आहे. फोन करताना लेबलवरचा बॅच नंबर समोर ठेवा, तो विचारतात, म्हणून डबी संपली तरी कचऱ्यात टाकू नका.